गप्पी धीट आहे, पण कुठे? बदलत्या वातावरणात प्राण्याच्या वैयक्तिक वर्तनाचं सातत्य मोजण्याची पद्धत

चाळीस गप्पी मासे एकेक करून अनोळखी टाकीत सोडले, तर काही आसऱ्यातून लगेच बाहेर पडतात आणि काही पाच मिनिटं झाली तरी आतच दडून राहतात. दोन दिवसांनी पुन्हा सोडले, तरी साधारण तेच मासे पुढे आणि तेच मागे असतात. पाणी चार अंशांनी गरम केल्यावरही हा क्रम टिकतो का, हे मोजायचं कसं, ते या लेखात पाहू. इथे उदाहरण गप्पीचं आणि तापमानाचं घेतलंय. प्राणी आणि वातावरण बदललं तरी आखणी हीच राहते.

आधी प्रश्न नेमका करून घ्या. वातावरण बदललं की तीन वेगवेगळ्या गोष्टी घडू शकतात. सगळ्या माशांची सरासरी बदलू शकते. माशामाशांतला क्रम विस्कटू शकतो. किंवा क्रम तसाच राहून प्रत्येक मासा स्वतःपुरता जास्त अनियमित वागू लागतो. या तिन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत. ‘वर्तन बदललं’ एवढंच म्हटलं तर यातलं काय घडलं ते कळत नाही.

एकेकदा मोजून का भागत नाही

नवशिक्या प्रकल्पांत हमखास दिसणारी आखणी अशी: प्रत्येक मासा २४ अंशांना एकदा मोजला, २८ अंशांना एकदा मोजला आणि दोन आकड्यांचा सहसंबंध (ते किती जुळतात हे सांगणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाही) काढला. तो ०.३५ आला की ‘वातावरण बदलल्यावर सातत्य टिकत नाही’ असा निष्कर्ष. हा निष्कर्ष या आकड्यातून निघतच नाही.

कारण रिपीटेबिलिटीत आहे. एकूण फरकापैकी किती वाटा माशामाशांतल्या कायमच्या फरकाचा आहे, ते रिपीटेबिलिटी सांगते. माशामाशांतला व्हेरिअन्स (आकडे किती विखुरले आहेत त्याचं माप) भागिले दोन व्हेरिअन्सची बेरीज, म्हणजे हाच माशामाशांतला अधिक एकाच माशाच्या मोजमापांतला, हे तिचं सूत्र. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक ॲलिसन बेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ११४ अभ्यासांतले ७५९ अंदाज एकत्र केले, तेव्हा वर्तनाची सरासरी रिपीटेबिलिटी ०.३७ निघाली. म्हणजे वातावरण अजिबात न बदलताही एकाच माशाच्या दोन मोजमापांत साधारण एवढाच सहसंबंध मिळतो. आता दोन्ही तापमानांत माशांचा खरा क्रम शंभर टक्के सारखा आहे असं धरा. तरी एकेकदा मोजल्यावर हाती येणारा सहसंबंध ०.३७ च्या आसपासच असेल. सातत्य पूर्ण असूनही आकडा ‘कमी’ दिसेल.

प्रत्येक तापमानात तीन-तीनदा मोजून सरासरी घेतली, तर त्याच माशांचा सहसंबंध ०.६४ पर्यंत चढतो, चारदा मोजली तर ०.७० पर्यंत. म्हणून प्रत्येक वातावरणाच्या आत पुनर्मोजणी हवीच. ती असली की मोजमापातला गोंधळ आणि खरा बदल संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये वेगळे काढता येतात. पैसे किंवा वेळ कमी असेल तर मासे थोडे कमी घ्या, पण प्रत्येकाची पुनर्मोजणी वगळू नका.

मासे कोणते आणि ओळखायचे कसे

प्रौढ नर घ्या. गप्पीची मादी आयुष्यभर वाढत राहते आणि बहुतेक वेळ गाभण असते. दोन महिन्यांच्या प्रयोगात तिची लांबी आणि अवस्था दोन्ही बदलतात. नराची वाढ वयात आल्यावर जवळपास थांबते. दुसरा फायदा ओळखीचा. नराच्या अंगावरचे नारिंगी, काळे, निळसर ठिपके प्रत्येकाचे निराळे असतात, त्यामुळे टॅग टोचावा लागत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढून कार्ड बनवा आणि प्रत्येक चाचणीआधी कार्डाशी ताडून पाहा. मात्र दुकानातले एकाच जातीचे शोभेचे नर इतके सारखे असतात की ओळख पटत नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी पालिकेने हौदांत, विहिरींत सोडलेल्या गप्पींची पिल्लावळ या कामाला जास्त चांगली, कारण त्यांच्यात रंगांची विविधता भरपूर असते.

पकडताना एक फसगत होते. जाळ्यात पहिल्यांदा येतात ते धीट मासे. पहिले चाळीस पकडून थांबलात, तर भित्रे मासे नमुन्यात येतच नाहीत आणि माशामाशांतला फरक मुळातच आक्रसतो. एका हौदातले शक्य तितके नर काढा आणि त्यांतून चिठ्ठ्या टाकून चाळीस निवडा. उरलेले त्याच हौदात परत जातील, प्रयोगातले मात्र नाहीत. ओढ्या-नदीत गप्पी कधीही सोडू नयेत. तो दक्षिण अमेरिकेकडचा परका मासा आहे आणि इथल्या लहान माशांच्या मुळावर उठतो.

मासा पृष्ठवंशी प्राणी असल्यामुळे कॉलेजात किंवा विद्यापीठात हा प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. शाळेच्या पातळीवर हीच आखणी रातकिड्यांवर किंवा गोगलगायींवर करावी.

टाक्या, पाणी आणि तापमान

वीस-पंचवीस लिटरच्या आठ टाक्या, प्रत्येकीत पाच नर. टाकीतले सोबती शेवटपर्यंत बदलू नका. प्रत्येक टाकीत थर्मोस्टॅटवाला ५० वॅटचा हीटर, स्पंज फिल्टर आणि ०.१ अंश दाखवणारा डिजिटल थर्मामीटर. हीटरच्या चकतीवरचा आकडा खरा धरू नका, थर्मामीटरचाच नोंदवा. हीटर पाणी तापवतो, थंड करत नाही, हे आखणी करताना विसरलं जातं. खोली २७ अंशांवर असेल तर २४ अंशांची टाकी मिळणारच नाही. पुण्या-नाशकात हिवाळ्याचे महिने साधतात. मुंबईत आणि कोकणात एसी २२ वर लावूनच काम करावं लागतं. २४ आणि २८ ही दोन्ही तापमानं गप्पीला मानवतात. त्यामुळे इथे आजारी आणि निरोगी माशांची तुलना होत नाही.

नळाचं पाणी २४ तास उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातो. पण क्लोरामाइन वापरलेलं पाणी नुसतं ठेवून चालत नाही, त्याला सोडियम थायोसल्फेट असलेला ॲन्टिक्लोर लागतो.

चाचणीची टाकी ३० बाय २० सेंटिमीटरची. तळ आणि भिंती अपारदर्शक पांढऱ्या ॲक्रिलिकच्या, म्हणजे मासा कॅमेऱ्यात उठून दिसतो. पाणी फक्त ५ सेंटिमीटर, म्हणजे त्याला वर-खाली फारसं जाता येत नाही आणि वरून काढलेलं अंतर खऱ्या अंतराच्या जवळ राहतं. एवढ्याला तीन लिटर पाणी लागतं. ते प्रत्येक माशानंतर पूर्ण बदला, कारण घाबरलेला मासा पाण्यात जे सोडतो ते पुढच्याला कळतं. दिवसाला वीस चाचण्या म्हणजे साठ लिटर तयार पाणी, निम्मं एका तापमानाचं आणि निम्मं दुसऱ्या.

इतका उथळ थर एसीच्या खोलीत भराभर निवतो. टाकीत ओतलेलं पाणी २८ अंशांचं असतं, पण मासा पोहत असताना ते कदाचित २६ अंशांचं झालेलं असतं. म्हणून चाचणीची टाकी एका मोठ्या ट्रेमध्ये ठेवा आणि बाहेरच्या पाण्यात हीटर लावून तेच तापमान राखा. चाचणीच्या सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान दोन्ही लिहा. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक पडला तर ट्रेची मांडणी सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आसरा म्हणून ४० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप १० सेंटिमीटर लांबीचा कापा. एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाला ॲक्रिलिकची पट्टी आणि तिला बांधलेला नायलॉनचा दोरा. दोरा पडद्यामागून ओढला की दार उघडतं. मोबाइल स्टँडवर एक मीटर उंचीवर बसवा, सेकंदाला ३० फ्रेम्सच्या वेगाने रेकॉर्ड करा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. दिवा थेट पाण्यावर न मारता पांढऱ्या कापडातून मारा, नाहीतर तिरीप मासा म्हणून ट्रॅक होते.

वेळापत्रक: सगळ्यात जास्त चुका इथे

पहिल्या आठवड्यात २४ अंशांच्या सगळ्या चाचण्या उरकल्या आणि दुसऱ्या आठवड्यात २८ अंशांच्या, तर दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली सहज दिसते: माशाला टाकीची सवय होत जाते, त्यामुळे सवय आणि तापमान यांचा परिणाम एकमेकांत मिसळतो. दुसरी चटकन ध्यानात येत नाही. एकाच तापमानातली मोजमापं दोन दिवसांच्या अंतराची आणि दोन तापमानांतली दोन आठवड्यांच्या अंतराची झाली. जवळच्या दिवसांची मोजमापं तशीही एकमेकांशी जास्त जुळतात, कारण त्या आठवड्यातली माशाची तब्येत, भूक, टाकीतली भांडणं तीच असतात. मग तापमानांमधलं सातत्य कमी दिसतं, ते तापमानामुळे की निव्वळ मधल्या काळामुळे, हे सांगता येत नाही.

यावर उपाय म्हणजे तापमान आलटून-पालटून देणं. टाकी १ ते ४ साठी २४, २८, २४, २८ अशा चार फेऱ्या; टाकी ५ ते ८ साठी २८, २४, २८, २४. प्रत्येक फेरीत प्रत्येक माशाच्या दोन चाचण्या. म्हणजे माशागणिक आठ चाचण्या, प्रत्येक तापमानात चार, एकूण ३२०. एकाच तापमानातल्या पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत आता मोठं अंतर पडतं, त्यामुळे तुलना न्याय्य होते.

एका फेरीचा हिशेब असा: तापमान रोज एक अंश बदलत चार दिवस, स्थिरावायला पाच दिवस, चाचण्यांना चार दिवस. रोज वीस मासे, प्रत्येक तापमानाचे दहा. प्रत्येक माशाच्या दोन चाचण्या एक दिवसाआड. तेरा दिवसांची फेरी, चार फेऱ्यांचे ५२ दिवस. दोन चाचणी-टाक्या वापरत असाल तर कोणती टाकी कोणत्या तापमानाला हे प्रत्येक फेरीच्या मध्यावर बदला, नाहीतर टाकीचा दोष तापमानाच्या माथी जाईल. कोणता मासा कितवा, हे आदल्या दिवशी संगणकावर यादी करून ठरवा. हाताला लागेल तो आधी घेतला, तर धीट मासे रोज सकाळी आणि भित्रे रोज दुपारी मोजले जातील.

एक चाचणी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

खाणं आदल्या संध्याकाळी दिलेलं असावं आणि त्या दिवशीचं चाचणीनंतरच मिळावं. सकाळी नऊ ते एक ही वेळ पाळा. मासा जाळ्याने हवेत उचलू नका. पाण्यासकट ग्लासात घ्या, कार्डाशी ओळख पटवा आणि ग्लास पाइपाच्या तोंडाशी कलता करून त्याला आत जाऊ द्या. दार लावा. दोन मिनिटं थांबा. दार उघडल्या क्षणापासून घड्याळ सुरू. पूर्ण शरीर, शेपटीच्या टोकासकट, पाइपाबाहेर आलं की तो बाहेर पडण्याचा वेळ. नुसतं तोंड बाहेर काढून आत जाणारे मासे बरेच असतात. व्याख्या आधी लिहून ठेवली नाही तर दोन निरीक्षकांचे आकडे जुळत नाहीत. ३०० सेकंदांत बाहेर आला नाही तर ‘३००, बाहेर नाही’ अशी दोन रकान्यांत नोंद करा आणि पाइप हळूच उचलून घ्या. त्यानंतर मोकळ्या टाकीतलं पाच मिनिटांचं पोहणं रेकॉर्ड करा.

व्हिडिओंना सांकेतिक क्रमांक द्या, म्हणजे बघणाऱ्याला मासा आणि तापमान कळणार नाही. सुमारे तीस व्हिडिओ दोघांनी स्वतंत्रपणे पाहून आकडे ताडावेत. हाताने नोंदी करायला बोरिस आणि पोहण्याचं अंतर काढायला टॉक्सट्रॅक ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत.

ट्रॅकिंगमधला एक सापळा जरूर तपासा. मासा जागच्या जागी थांबलेला असला तरी सॉफ्टवेअरला त्याचा मध्यबिंदू प्रत्येक फ्रेममध्ये किंचित हललेला दिसतो. ही थरथर सरासरी एक मिलिमीटर असली, तर ३० फ्रेम्सच्या वेगाने ३०० सेकंदांत ९००० फ्रेम्स होतात आणि न हललेल्या माशाच्या नावावर ९ मीटर पोहणं जमा होतं! उजेड कमी-जास्त झाला की थरथरही बदलते, मग ती वातावरणाचा परिणाम बनून समोर येते. टाकीत माशाएवढा काळा खडा ठेवून पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि त्याचं ‘अंतर’ काढा. ते शून्याच्या जवळ येईपर्यंत फ्रेम्स विरळ करा, मार्ग गुळगुळीत करा, किमान हालचालीची मर्यादा ठरवा. एकदा ठरलेली सेटिंग सर्व ३२० व्हिडिओंना तीच.

आकडे हाती आल्यावर

सगळ्यात आधी आलेख. आडव्या अक्षावर दोन तापमानं, उभ्यावर वर्तन, प्रत्येक माशाची एक रेघ. रेघा समांतर चढल्या तर सरासरी बदलली, क्रम टिकला. एकमेकींना कापत गेल्या तर क्रम विस्कटला असावा, पण कापाकापी मोजमापाच्या गोंधळानेही दिसते, म्हणून आलेखावर थांबू नका.

मोजपट्टी कोणती, याचा विचार इथेच करा. समजा एक मासा थंड पाण्यात ४ मीटर पोहला आणि दुसरा ८. गरम पाण्यात ते ६ आणि १२ झाले. साध्या मोजपट्टीवर फरक ४ वरून ६ मीटर झाला, म्हणजे दोघांची तापमानाला प्रतिक्रिया वेगळी वाटते. लॉगरिदमच्या मोजपट्टीवर, जिथे सारख्या पटीतला फरक सारखाच दिसतो, दोघेही दीडपट झाले, रेघा समांतर. माशाच्या शरीरात तापमान चयापचय गुणोत्तराने वाढवतं, म्हणून अंतरासाठी आणि बाहेर पडण्याच्या वेळेसाठीही लॉग घेणं योग्य. कोणती मोजपट्टी वापरणार ते आकडे बघण्याआधी लिहून ठेवा.

बाहेरच न आलेल्या माशांना सरळ ३०० सेकंद देऊन पुढे गेलात, तर सगळ्यात भित्रे मासे एका बिंदूवर गोळा होतात आणि त्यांच्यातला फरक पुसला जातो. असे दोन-चार असतील तर विशेष बिघडत नाही. बरेच असतील तर ‘३०० पेक्षा जास्त’ ही माहिती तशीच वापरणारं सर्व्हायव्हल पद्धतीचं मॉडेल लावा.

आता मिक्स्ड मॉडेल, म्हणजे सगळ्यांवरचे सामाईक परिणाम आणि माशामाशांतले फरक एकत्र मोजणारं मॉडेल. आर या संख्याशास्त्राच्या मोफत प्रणालीत ते बसवता येतं. स्थिर घटक (ज्यांचा परिणाम थेट मोजायचा) म्हणून तापमान, चाचणीचा क्रमांक, माशाची लांबी आणि चाचणी-टाकी घाला. यादृच्छिक घटक (ज्यांच्यातला आपसातला फरक किती ते मोजायचं) म्हणून राहण्याची टाकी आणि मासा. माशासाठी मात्र प्रत्येक तापमानाला वेगळा व्हेरिअन्स आणि त्या दोघांमधला सहव्हेरिअन्स (दोन्ही तापमानांतले आकडे किती एकत्र बदलतात त्याचं माप) मागा. माशाला दोन्ही तापमानांसाठी फक्त एकच सरासरी पातळी दिली, तर मॉडेल क्रम टिकलाच आहे असं गृहीत धरून बसतं, आणि तुम्ही तेच तपासायला निघालेला असता. दुसरी गरज: एकाच माशाच्या मोजमापांतला उरलेला व्हेरिअन्सही प्रत्येक तापमानाला वेगळा हवा. एलएमई-फोर हे आरमधलं लोकप्रिय पॅकेज तो वेगळा करत नाही; ब्रम्स किंवा एमसीएमसी-जीएलएमएम करतात.

कल्पित आकड्यांवर वाचन करून पाहू. २४ अंशांना माशामाशांतला व्हेरिअन्स ०.३०, माशाच्या आतला ०.५०, रिपीटेबिलिटी ०.३० भागिले ०.८०, म्हणजे ०.३८. २८ अंशांना माशामाशांतला तोच ०.३०, पण आतला ०.९०, रिपीटेबिलिटी ०.२५. सहव्हेरिअन्स ०.२४, म्हणून दोन तापमानांतला माशांच्या पातळीवरचा सहसंबंध ०.२४ भागिले ०.३०, म्हणजे ०.८. याचा अर्थ गरम पाण्यात मासे एकमेकांसारखे झालेले नाहीत आणि त्यांचा क्रमही बराचसा टिकला आहे. प्रत्येक मासा तेवढा जास्त लहरी झाला आहे. केवळ ०.३८ वरून ०.२५ ही घसरण छापली असती तर वाचकाने नेमका उलटा अर्थ काढला असता. म्हणून गुणोत्तरासोबत दोन्ही व्हेरिअन्स नेहमी द्या.

सहसंबंध सांगताना त्याची खात्रीची मर्यादाही (खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मध्ये असावा तो पट्टा) द्या आणि दोन्ही टोकं बघा. मर्यादेत १ येतो का? येत असेल तर क्रम बदलल्याचा पुरावा नाही. शून्य येतो का? येत असेल तर क्रम टिकल्याचाही नाही. चाळीस माशांत ही मर्यादा अनेकदा इतकी रुंद निघते की दोन्ही आत येतात. ते टाळायला प्रयोगाआधीच आरमध्ये खोटे आकडे तयार करा: ४० मासे, ८ चाचण्या, अपेक्षित व्हेरिअन्स. तेच मॉडेल पाचशे वेळा बसवा आणि मर्यादा किती रुंद पडते ते पाहा. पुरेशी अरुंद होत नसेल तर ६० मासे घेऊन पुन्हा करून बघा. संगणकावरच्या या एका संध्याकाळीने पुढचे दोन महिने वाया जाण्यापासून वाचतात.

एक शॉर्टकट मात्र घेऊ नका. मॉडेलमधून प्रत्येक माशाचा अंदाजित आकडा काढायचा आणि ते आकडे दुसऱ्या चाचणीत खरी मोजमापं समजून वापरायचे, ही पद्धत अजूनही दिसते. त्या अंदाजांतली अनिश्चितता वाटेत गळून पडते आणि निकाल खोट्या आत्मविश्वासाने भक्कम दिसतो. सहसंबंध हवा असेल तर तो मॉडेलच्या आतूनच घ्या.

रिपीटेबिलिटी शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे तिची मर्यादा शून्याला स्पर्श करत नाही एवढ्यावरून ती ‘सिद्ध’ होत नाही. माशांची नावं यादृच्छिकपणे अदलाबदल करून तेच मॉडेल हजार वेळा चालवा आणि खरा आकडा त्या गर्दीच्या बाहेर पडतो का ते बघा. आर-पी-टी-आर पॅकेजमध्ये ही सोय तयार आहे.

आकड्यांची फाइल लिहिताना एका ओळीत एकच चाचणी ठेवा: मासा, राहण्याची टाकी, फेरी, चाचणी क्रमांक, तारीख, वेळ, चाचणी-टाकी, ठरवलेलं तापमान, सुरुवातीचं आणि शेवटचं मोजलेलं तापमान, बाहेर पडण्याचा वेळ, बाहेर आला की नाही, अंतर, व्हिडिओ पाहणाऱ्याचं सांकेतिक नाव. मेलेल्या किंवा आजारी माशाच्या ओळी पुसू नका; कारण आणि तारीख वेगळ्या रकान्यात लिहा, म्हणजे त्यांना धरून आणि वगळून असं दोन्ही प्रकारे विश्लेषण करता येतं.